मनातील कल्पना बाहेरच्या वस्तूविषयी असते, म्हणजे नेमके काय?

अनुबंध (धागाकर्ता)

सूर्याविषयी आपल्या मनात निदान दोन कल्पना असतात. एक डोळ्यांनी दिलेली : आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापणारी, अंगठ्याआड सहज झाकली जाणारी तेजस्वी चकती. दुसरी खगोलशास्त्राने दिलेली : पृथ्वीच्या सुमारे १०९ पट व्यासाचा तप्त वायूचा गोळा. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ साली प्रसिद्ध केलेल्या चिंतनांपैकी तिसऱ्यात सूर्याच्या अशाच दोन कल्पना शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. त्याचे म्हणणे असे, की दोन्ही कल्पना सूर्यासारख्या असणे शक्य नाही, आणि जी थेट सूर्याकडूनच आल्यासारखी वाटते तीच त्याच्याशी सर्वांत कमी जुळते.

त्याच्या निष्कर्षाशी माझे भांडण नाही. मला अडवणारी गोष्ट त्याच्या एक पायरी आधीची आहे. ती छोटी चकती चुकीची आहे असे आपण म्हणतो तेव्हा ती *सूर्याविषयी* चुकीची आहे असे म्हणत असतो. सूर्याशी तिचे काहीच नाते नसते, तर ती चुकलीही नसती. नुसतीच एक चकती असती. म्हणजे सूर्याशी न जुळणारी ही कल्पना सूर्याचीच आहे हे आधी ठरलेले असते आणि तिची चूक त्यानंतर ठरते. ते आधीचे नाते कशाने जुळते, हा या धाग्याचा प्रश्न.

पहिले उत्तर बहुतेकांच्या मनात न सांगताही असते : कल्पना ही वस्तूची प्रतिमा, आणि प्रतिमा वस्तूसारखी असते म्हणून तिची. लॉकने १६९० च्या आसपास या उत्तराला पहिली मोठी कात्री लावली. आकार, विस्तार, गती, संख्या या गुणांच्या कल्पना वस्तूतील गुणांसारख्या असतात, पण रंग, गंध, चव, उष्णता यांच्या कल्पनांसारखे वस्तूत काहीही नसते. तिथे असते ती फक्त त्या कल्पना आपल्यात उत्पन्न करण्याची शक्ती, असे त्याने सांगितले. एक हात गार आणि दुसरा ऊन असताना दोन्ही हात एकाच पाण्यात घातले, तर तेच पाणी एका हाताला ऊन आणि दुसऱ्याला गार लागते, हे त्याचे उदाहरण. बर्कलीने १७१० मध्ये उरलेला अर्धा भागही कापला : कल्पनेसारखी फक्त दुसरी कल्पनाच असू शकते. जे मुळात अनुभवातच येत नाही अशा गोष्टीसारखा एखादा अनुभव असतो, या म्हणण्याला काही अर्थ आहे का, असा त्याचा सवाल होता. त्यातून त्याने जडवस्तूच नाकारली. तिथवर मी त्याच्याबरोबर जाणार नाही, पण सवालाची धार मान्य केली पाहिजे.

शिवाय देकार्तचीच दुसरी एक अडचण आहे. हजार बाजूंची आकृती मनात आणून पाहा. मनःचक्षूंपुढे जे काही धूसर उभे राहते ते दहा हजार बाजूंच्या आकृतीहून ओळखू येण्याइतके वेगळे नसते. तरीही तुम्ही विचार हजार बाजूंच्या आकृतीचाच करत असता; तिच्या कोनांची बेरीज १९९६ काटकोन होते हे सिद्ध करताना तुमच्या मनात दुसऱ्या आकृतीशी रतिभरही घोटाळा होत नाही. प्रतिमा दोघींची सारखीच असेल, तर हा भेद प्रतिमेतून आलेला नाही.

आणि सादृश्य पुरेसेही नाही. हिलरी पटनमने १९८१ मध्ये मुंगीचे उदाहरण दिले : वाळूवरून चालता चालता मुंगीने उमटवलेली रेघ योगायोगाने चर्चिलच्या व्यंगचित्रासारखी दिसते. मुंगीने चर्चिलला कधी पाहिलेले नाही आणि तिचा तसा काही हेतूही नाही. ती रेघ चर्चिलची नाही. नेल्सन गुडमनने त्याआधीच, १९६८ मध्ये, याच्या मुळाशी असलेली तर्काची विषमता दाखवली होती : सादृश्य दोन्ही बाजूंनी सारखे चालते, निर्देश एकाच बाजूने चालतो. चित्र राजासारखे असेल तर राजाही चित्रासारखा असतो, पण राजा चित्राचा निर्देश करत नाही.

उरतो कार्यकारणसंबंध : सूर्याने उत्पन्न केली म्हणून ती कल्पना सूर्याची. हे मला अधिक आशादायक वाटते, पण त्यात चुकीला जागा कुठे आहे ते मला दिसत नाही. अंधुक उजेडात दोरीने माझ्यात सापाची कल्पना उत्पन्न केली तर ती कल्पना दोरीची म्हणायची काय? तसे म्हटले तर भ्रम हा प्रकारच उरत नाही. म्हणून माझी कसोटी अशी, की कल्पना वस्तूची कशी होते याचे जे स्पष्टीकरण कल्पना *चुकू कशी शकते* हे सांगत नाही, ते स्पष्टीकरणच नव्हे. या कसोटीवर काय टिकते यावर जाणकारांनी लिहावे.


आलंबन

अनुबंध, तुम्ही सादृश्य आणि कारणता हे दोन पर्याय एकामागून एक तपासलेत. बौद्ध तर्कज्ञ दिङ्नागाने इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात ते दोन्ही एकदम मागितले होते. 'आलंबनपरीक्षा' या अवघ्या आठ कारिकांच्या ग्रंथात तो ज्ञानाच्या विषयाला दोन अटी घालतो : विषयाने ते ज्ञान उत्पन्न केले पाहिजे, आणि ज्ञानात जो आकार भासतो तो विषयाच्या ठायी असला पाहिजे.

दोन्ही अटी का लागतात हे पाहण्यासारखे आहे. नुसती कारणता घेतली तर डोळादेखील ज्ञानाचे कारण आहेच. सूर्य, त्याचा प्रकाश, मधली हवा, डोळ्याचे भिंग, त्यामागचा पडदा, तिथून निघणारी नाडी, ही सगळी साखळी मिळून ज्ञान उत्पन्न करते. मग कल्पना या साखळीतल्या नेमक्या सूर्याचीच का आणि आपल्याच डोळ्याच्या पडद्याची का नाही? कारणतावाद्यांना हा प्रश्न विसाव्या शतकातही सुटता सुटला नाही. दिङ्नागाने आकाराची अट घातली ती ही साखळी एका ठिकाणी तोडण्यासाठी. परमाणू ज्ञानाचे कारण असतील, पण इंद्रियांप्रमाणेच तेही ज्ञानात भासत नाहीत, म्हणून ते विषय नव्हेत, असे तो म्हणतो.

परमाणूंचा समूह घेतला तर आकार जुळतो. पण समूह हे काही परमाणूंहून वेगळे खरे द्रव्य नव्हे, आणि जे खरे नाही ते कशाचे कारण होत नाही. दृष्टिदोषामुळे दिसणारा दुसरा चंद्र जसा. म्हणजे ज्याच्यापाशी कारणता आहे त्याच्यापाशी आकार नाही, आणि ज्याच्यापाशी आकार आहे त्याच्यापाशी कारणता नाही. दिङ्नागाचा निष्कर्ष असा, की बाहेर असल्यासारखा भासणारा आतला आकार हाच विषय.

सौत्रांतिक हा बौद्धांचाच एक पंथ; ते याच वाटेवर अलीकडे थांबतात : बाह्य वस्तू आहे, ती आपला आकार ज्ञानात ठेवून जाते आणि त्या आकारावरून आपण तिचे अनुमान करतो. लॉकशी त्यांचे साम्य उघड आहे. मात्र नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, हा सारा खेळच नाकारला. त्यांच्या मते ज्ञान निराकार असते, त्यात प्रतिमा वगैरे काही नसते आणि ज्ञानाला थेट वस्तूच विषय होते. मनात एक चित्र, बाहेर एक वस्तू आणि दोघांचा मेळ घालणारा कोणी तिसरा, ही व्यवस्था त्यांना अनावश्यक वाटते. तुमच्या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे येईल, की विषयता हा ज्ञान आणि वस्तू यांच्यातला एक मूलभूत संबंध आहे आणि तो सादृश्यात किंवा कारणतेत विरघळवता येत नाही. हे उत्तर आहे की उत्तर देण्यास दिलेला नकार, याविषयी मी स्वतः साशंक आहे.


भूमितीप्रेमी

धागा आवडला, पण सादृश्याला इतक्या लवकर निरोप देऊ नये असे मला वाटते. अनुबंध यांनी खोडून काढले आहे ते गुणांचे सादृश्य : कल्पना तांबडी असते का, गोल असते का, वगैरे. नकाशाला हे लागत नाही. नकाशातली नदी ओली नसते आणि डोंगर उंच नसतो. जमिनीवर ब हे ठिकाण अ आणि क यांच्या मध्ये असेल, तर कागदावर ब चा ठिपका अ आणि क च्या ठिपक्यांच्या मध्ये येतो, एवढ्यावर नकाशा चालतो. हे संबंधांचे सादृश्य आहे. बर्कलीचा आक्षेप त्याला लागत नाही, कारण दोन अगदी वेगळ्या जातीच्या गोष्टींमधले संबंध एकाच घडणीचे असू शकतात.

चुकीला जागा हवी या मागणीलाही हे उत्तर पुरते. नकाशा एखाद्या प्रदेशाचा असूनही त्यात एक वळण चुकीचे असू शकते. बाकीची घडण जुळते म्हणून तो त्याच प्रदेशाचा, आणि ते एक वळण जुळत नाही म्हणून तिथे चुकीचा.

मेंदूत असे नकाशे आहेत याचा पुरावाही आहे. १९८२ मध्ये रॉजर टूटेल आणि सहकाऱ्यांनी माकडाला किरणे आणि वर्तुळे यांची चाकासारखी आकृती दाखवली आणि नंतर त्याच्या दृष्टिबाह्यकात, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागात, कोणत्या पेशी कार्यरत झाल्या होत्या ते किरणोत्सारी शर्करेच्या साहाय्याने तपासले. मेंदूच्या पृष्ठभागावर तीच आकृती उमटलेली मिळाली. मध्यभाग फुगलेला, कडा आक्रसलेल्या, पण रेषांचा क्रम शाबूत.


न्यूरॉनवाला

माझे शिक्षण या विषयातले आहे म्हणून थोडी भर घालतो. दृष्टिबाह्यकाचे उदाहरण बरोबर आहे, पण त्याने आपली दिशाभूलही होऊ शकते, कारण ते फारच चित्रासारखे आहे. मेंदूतले सर्वांत नावाजलेले 'नकाशे' तसे नसतात.

१९७१ मध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्स्की यांना उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी आढळल्या, की उंदीर पिंजऱ्यातल्या एका ठरावीक जागी आला की त्यांतली एखादी पेशी जोराने स्पंदने देई आणि तो तिथून हलला की गप्प होई. या स्थानपेशी. ओकीफ यांना यासाठी २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्यासह विभागून होते, ज्यांच्या गटाने २००५ मध्ये षटकोनी जाळीच्या बिंदूंवर स्पंदणाऱ्या जाळीपेशी दाखवल्या होत्या.

आता मुद्दा. मेंदूत शेजारी शेजारी असलेल्या दोन स्थानपेशी जमिनीवरच्या शेजारच्या दोन जागा दाखवतील असे नसते. एक पेशी या कोपऱ्याची असेल तर तिला खेटून असलेली दुसरी समोरच्या भिंतीजवळची असू शकते. म्हणजे हिप्पोकॅम्पस उघडून पाहिला तर पिंजऱ्यासारखे दिसणारे काहीही तिथे सापडत नाही. तरी पेशींच्या स्पंदनांवरून उंदीर कुठे आहे हे संशोधकाला चांगल्यापैकी सांगता येते. भूमितीप्रेमी म्हणतात ती संबंधांची घडण इथे आहे, पण ती पेशींच्या जागांमध्ये नसून कोणती पेशी कोणत्या पेशीबरोबर किंवा तिच्यामागोमाग स्पंदते यात आहे.

आणखी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. उंदीर झोपलेला असताना या पेशी जागेपणी एकत्र चाललेल्या गटांनीच पुन्हा स्पंदतात, हे १९९४ मध्ये दाखवले गेले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदीर वाट फुटते तिथे थबकल्यावर पुढच्या एका फाट्यावरच्या जागांच्या पेशी ओळीने स्पंदताना, आणि मग दुसऱ्या फाट्यावरच्या स्पंदताना आढळल्या. उंदीर मात्र जागचा हललेला नव्हता. त्या क्षणी त्या जागा त्या पेशींना स्पंदवत नव्हत्या. जे आत्ता समोर नाही त्याविषयी मेंदूत काहीतरी चालू असते. नुसत्या कारणतेच्या सिद्धांताला हे पचवणे जड जाते.


अनुबंध

आलंबन, डोळ्याची साखळी कुठे तोडायची हा तुमचा मुद्दा माझ्या मूळ मांडणीत नव्हता आणि तो हवाच होता. भूमितीप्रेमी आणि न्यूरॉनवाला यांना मात्र एकच प्रश्न : नकाशा वाचतो कोण?

संबंधांची घडण जुळणे हे फारच स्वस्तात मिळते. पुरेशा घटकांचा कोणताही ढीग घ्या. योग्य तो जोड लावला तर त्याची घडण जवळपास कशाशीही जुळवून दाखवता येते. मुंगीच्या रेघेचीही अशी एखाद्या नदीशी जुळणी लावता येईल. कोणती जुळणी खरी हे ठरवायला बाहेरचे काहीतरी लागते. टूटेल यांच्या माकडाच्या मेंदूवरची आकृती पाहिली संशोधकांनी, माकडाने नव्हे. माकडाला ती पाहायची असती तर मेंदूत आणखी एक डोळा लागला असता आणि त्यामागे आणखी एक मेंदू.

यातून सुटण्याची एकच वाट मला दिसते : आतल्या त्या घडणीचा प्राणी *उपयोग काय करतो* हे पाहणे. थबकलेल्या उंदराच्या पेशी ओळीने स्पंदतात आणि त्यानंतर तो कोणता फाटा धरतो याच्याशी त्याचा काही संबंध असेल, तर ती घडण त्या फाट्याविषयी आहे असे म्हणायला आधार मिळतो. वाचणारा वेगळा कोणी नसतो; प्राण्याचे वागणे हेच वाचन.

पण मग बेडूक आडवा येतो. लेटव्हिन, मातुराना, मॅककलक आणि पिट्स यांनी १९५९ मध्ये दाखवले, की बेडकाच्या डोळ्यातून मेंदूकडे जाणारे काही तंतू लहान, गडद, फुगीर कडांची, हलणारी वस्तू दृष्टिक्षेत्रात आली की उद्दीपित होतात. बेडूक अशा वस्तूवर जीभ टाकतो. ती माशी असली तरी टाकतो आणि संशोधकाने हलवलेला ठिपका असला तरी टाकतो. उलट निश्चल पडलेल्या मेलेल्या माशांच्या गराड्यात तो उपाशी राहील. मग त्या तंतूंचे म्हणणे काय आहे? 'माशी'? 'खाद्य'? की 'लहान, गडद, हलणारे काहीतरी'? शेवटचे उत्तर घेतले तर ठिपक्यावर जीभ टाकताना बेडूक चुकलेलाच नाही. पहिले घेतले तर चुकला. बाहेरच्या कारणांची यादी दोन्ही उत्तरांत तीच राहते, त्यामुळे ती यादी आपल्याला निवड करून देत नाही.


तिरकस

बेडकाला विचारून पाहिले. तो म्हणाला, पोट भरते की नाही ते सांगा, नावे तुम्ही ठेवा.


अनुबंध

तिरकस, हसू आले, पण तुमच्या बेडकाने एका गंभीर पक्षाचे मत नेमके सांगितले आहे. रूथ मिलिकन यांनी १९८४ मध्ये जवळजवळ हेच मांडले : संकेताचा अर्थ तो कशाने उत्पन्न होतो यावरून न ठरवता, त्याचा वापर करणारी यंत्रणा कशामुळे आपले काम पार पाडू शकली आणि म्हणून पिढ्यान्पिढ्या टिकली, यावरून ठरवावा. बेडकांचे पूर्वज जगले ते ठिपके गिळून नव्हे. माशा पोटात गेल्या म्हणून. तेव्हा तो संकेत खाद्याचा, आणि ठिपक्यावर टाकलेली जीभ ही चूक. चुकीला जागा मिळाली. किंमत अशी, की अर्थ ठरवायला बेडकाच्या आत पाहून भागत नाही, त्याचा पूर्वेतिहास पाहावा लागतो. मी ही किंमत द्यायला तयार आहे. आलंबन कदाचित नसतील.


आलंबन

मी देईन, पण इतिहास थोडा वेगळा सांगेन. पोट भरण्याची कसोटी आपल्या परंपरेत धर्मकीर्तीने सातव्या शतकाच्या सुमारास अर्थक्रिया, म्हणजे हवे ते काम प्रत्यक्ष साधणे, या नावाने फार काटेकोरपणे मांडली होती, आणि तिचे एक उदाहरण या चर्चेत इतके चपखल बसते, की ते सविस्तर सांगतो.

दोन माणसांना दुरून दोन ठिकाणी प्रभा दिसते. एक प्रभा रत्नाची आहे, दुसरी दिव्याची. दोघेही प्रभेलाच रत्न समजून धावतात. धर्मकीर्ती बजावतो, की दोघांचेही ज्ञान सारखेच मिथ्या आहे, कारण रत्नाची प्रभा म्हणजे रत्न नव्हे. तरीही फरक आहे : पहिल्याच्या हाती रत्न लागते, दुसऱ्याच्या लागत नाही. हा फरक अर्थक्रियेचा.

आपण आतापर्यंत 'कल्पना जुळते' आणि 'कल्पना चुकते' असे दोनच कप्पे धरून बोलत होतो. धर्मकीर्ती तिसरा दाखवतो : आकार जुळत नाही, पण कल्पना वस्तूशी अशा रीतीने बांधलेली आहे की तिच्यामागे गेल्यास वस्तू सापडते. त्याच्या मते आपले सर्व अनुमान आणि सामान्यकल्पना याच प्रकारात मोडतात. 'झाड' ही सामान्यकल्पना कोणत्याही एका झाडासारखी नसते, त्या अर्थाने ती भ्रांतच. पण ती झाडांपर्यंत पोचवते.

चुकीच्या कसोटीविषयीही एक सांगावेसे वाटते. शिंपल्यावर रुप्याचा भास होतो तेव्हा नेमके काय होते, यावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला, आणि तो वाद अनुबंध यांच्या प्रश्नाचाच आहे. नैयायिक म्हणतात, पूर्वी अन्यत्र पाहिलेले खरे रुपे इथे समोरच्या शिंपल्यावर विशेषण म्हणून लागते. घटक दोन्ही खरे, जोड चुकीचा. प्राभाकर मीमांसक याहून धाडसी आहेत. त्यांच्या मते भ्रमरूप ज्ञान असे काही नसतेच. 'हे' एवढे प्रत्यक्ष असते, 'रुपे' ही स्मृती असते, दोन्ही आपापल्या जागी खरी. चूक म्हणजे या दोहोंमधला भेद लक्षात न येणे. म्हणजे चूक कल्पनेत नाही, भेदाच्या अग्रहणात आहे. कल्पनेला चुकण्याची शक्ती न देताही भ्रमाची उपपत्ती लावता येते असा दावा करणारा हा पक्ष आहे, आणि अनुबंध यांच्या कसोटीला खरे आव्हान मला तिथून येते असे वाटते.


न्यूरॉनवाला

आलंबन यांनी प्राभाकरांचे मत सांगितले आणि मला २०१३ चा एक प्रयोग आठवला. सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत स्टीव्ह रामिरेझ, श्यू ल्यू आणि सहकाऱ्यांनी तो केला. उंदराला आधी अ या पेटीत मोकळे फिरू दिले. तिथे त्याला काहीच त्रास झाला नाही. त्या वेळी हिप्पोकॅम्पसच्या एका भागातल्या ज्या पेशी कार्यरत झाल्या त्यांच्यावर जनुकीय खूण केली, अशी की पुढे प्रकाश टाकून त्याच पेशी मुद्दाम जागवता याव्यात. दुसऱ्या दिवशी उंदीर ब या वेगळ्या पेटीत असताना त्या पेशी प्रकाशाने जागवल्या आणि त्याच वेळी पायांना विजेचा झटका दिला. नंतर त्याला पुन्हा अ पेटीत ठेवले, तर तो भीतीने थिजला. क या तिसऱ्याच पेटीत मात्र तसा थिजला नाही.

प्राभाकर मत इथे विलक्षण शोभते : झटक्याचा अनुभव खरा, अ पेटीची स्मृती खरी, आणि दोन्ही भलत्या वेळी एकत्र आल्या. पण थिजणे हे तर अ पेटीला उद्देशूनच आहे. नुसता 'भेद कळला नाही' एवढा अभाव उंदराला थिजवील का? काहीतरी विधायक जोड मेंदूत तयार झालेला आहे, आणि तो टिकतो. मी या बाबतीत नैयायिकांच्या बाजूने झुकेन.

दुसरे असे, की संशोधकांनी अ पेटीचा निर्देश करणाऱ्या पेशी ओळखल्या हा दावा इथे नुसत्या जुळणीवर उभा नाही. त्यांनी त्या जागवल्या आणि वागणे अ पेटीविषयीच बदलले. 'नकाशा वाचतो कोण' या प्रश्नाला प्रयोगशाळेतून देता येईल असे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.


यंत्रवाचक

वाचतो आहे, विषय मनाचा असला तरी यंत्राचे एक उदाहरण इथे लागू पडते. ऑथेल्लो या पटावरच्या खेळातल्या फक्त चालींच्या याद्या देऊन, पट किंवा नियम न सांगता, एका भाषाप्रतिमानाला (लँग्वेज मॉडेलला) पुढची वैध चाल सांगण्यास शिकवले गेले. केनेथ ली आणि सहकाऱ्यांनी २०२२-२३ मध्ये त्याच्या अंतर्गत अवस्थांमधून पटावर त्या क्षणी कुठे कोणाची सोंगटी आहे हे वाचून दाखवले. एवढ्यावर अनुबंध यांनी म्हटले असते, की वाचले ते संशोधकांनी. पण त्यांनी पुढे जाऊन आतल्या अवस्थेत एका घरातली सोंगटी 'पालटली', आणि यंत्र त्या पालटलेल्या पटाला साजेशा चाली सांगू लागले. म्हणजे यंत्र स्वतः ती अवस्था वापरत होते.

अर्थात, पट त्याने कधी पाहिलेला नाही. ती अवस्था पटाविषयी आहे की केवळ चालींच्या याद्यांविषयी, हा बेडकाचाच प्रश्न पुन्हा आला, आणि इथे पूर्वजही नाहीत. आहे ते फक्त प्रशिक्षण.


भूमितीप्रेमी

सगळे वाचून घडणीचा आग्रह मी थोडा सैल करतो, सोडत नाही. उपयोग हवाच, पण ऑथेल्लोची अवस्था उपयोगी पडते ती पटाची घडण तिच्यात आहे म्हणून. घडण नसती तर वापरायला होते काय?

आता माझी एक अडचण. उर्बें लव्हेरिए याने युरेनसच्या कक्षेतल्या विचलनावरून एक न पाहिलेला ग्रह गणिताने मांडला, आणि १८४६ च्या सप्टेंबरमध्ये गाले याला तो सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत सापडला. तो नेपच्यून. त्याच लव्हेरिएने बुधाच्या कक्षेतल्या विचलनावरून १८५९ मध्ये आणखी एक काही मांडले. त्याचा पुढे व्हल्कन नावाचा ग्रह झाला. तो नव्हताच. ते विचलन, म्हणजे शतकाला सुमारे ४३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाच्या नव्या सिद्धांताने स्पष्ट केले.

दोन्ही कल्पना एकाच डोक्यात, एकाच पद्धतीने झाल्या. एक वस्तूची निघाली, दुसरी कशाचीच नाही. पण थांबा : व्हल्कनच्या कल्पनेलाही खरे कारण होते, ते म्हणजे सूर्याजवळची अवकाशकालाची वक्रता. मग ही कल्पना त्या वक्रतेचीच, फक्त फार चुकलेली, असे का म्हणू नये? देकार्तची चकती चुकूनही सूर्याची राहते, तर व्हल्कन चुकून वक्रतेचा का राहत नाही?


अनुबंध

याचे उत्तर मला उपयोगाच्या बाजूनेच द्यावे लागेल. व्हल्कनच्या कल्पनेने लोकांकडून काय करवून घेतले ते पाहू. सूर्यबिंबावरून सरकणारा काळा ठिपका शोधण्यासाठी दुर्बिणी लावल्या गेल्या. १८७८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याजवळ असा पिंड दिसल्याचे दोन निरीक्षकांनी जाहीरही केले. या शोधाची पूर्तता एखाद्या पिंडानेच झाली असती. वक्रता कितीही नेमकी मोजून दिली असती तरी 'सापडला' असे त्यांच्यापैकी कोणीही म्हणाले नसते. धर्मकीर्तीच्या भाषेत सांगायचे तर या कल्पनेमागे धावणाऱ्याच्या हाती लागेल असे तिथे काही नव्हते.

आणि तरीही भूमितीप्रेमी यांच्या प्रश्नाचा एक भाग शिल्लक राहतो. उष्णता म्हणजे एक द्रवपदार्थ आहे आणि त्याचे नाव कॅलॉरिक, असे एके काळी मानत. त्या कल्पनेमागे गेलेल्या कार्नोने १८२४ मध्ये उष्णयंत्रांविषयी जे सांगितले त्यातले बरेचसे आजही टिकून आहे, आणि असा द्रव तर नाहीच. ही कल्पना कशाचीच नव्हती म्हणावी, की उष्णतेची पण चुकलेली? पूर्तता द्रवानेच झाली असती म्हणावे, तर यंत्रे त्या द्रवाशिवायच चालत होती. इथे मला पूर्ततेची कसोटी दोन्हीकडे ओढली जाताना दिसते. आलंबन, रत्नाच्या प्रभेमागे धावणाऱ्याला रत्नाऐवजी तितकेच मोलाचे दुसरेच काही सापडले, तर धर्मकीर्ती त्याचे ज्ञान कोणत्या कप्प्यात टाकेल?


आलंबन

त्याने हे उदाहरण घेतलेले नाही, तेव्हा त्याच्या वतीने बोलत नाही. त्याच्या तत्त्वावरून मला जे निघतेसे वाटते ते सांगतो. त्याच्यासाठी ज्ञान अविसंवादी असणे म्हणजे ज्ञाता ज्या अर्थक्रियेसाठी प्रवृत्त झाला तीच हाती येणे. मोलाचे भलतेच काही मिळणे हा लाभ आहे, प्रामाण्य नव्हे. कार्नोला यंत्राची कार्यक्षमता हवी होती आणि ती कोणत्या तापमानांवर अवलंबून आहे हे त्याला बरोबर सापडले. तेवढ्यापुरती त्याची कल्पना उष्णतेचीच होती. उष्णता द्रवासारखी अक्षय आहे, यंत्रातून जाताना ती खर्च होत नाही, हे त्याने धरले होते ते मात्र टिकले नाही. त्या भागापुरती तीच कल्पना दिव्याच्या प्रभेमागे गेलेली होती. एकच कल्पना एका प्रवृत्तीत वस्तूची आणि दुसऱ्या प्रवृत्तीत कशाचीच नाही, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही. अख्ख्या कल्पनेला एकच विषय असला पाहिजे, हा आग्रह आपण या धाग्यावर पहिल्यापासून तपासल्याशिवायच धरला होता.